एसी अठरावर, तरी सर्व्हर तापतो

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. चाळीसगावकडच्या एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय. दोन प्रोसेसरचा, टू-यू म्हणजे साधारण साडेतीन इंच उंचीचा सर्व्हर आणि त्यावर सगळ्या शाखांचा डेटाबेस. मार्चअखेरीपासून रोज दुपारी एक ते साडेचारच्या दरम्यान ‘सीपीयू २ तापमान मर्यादेबाहेर’ असे मेल येतात आणि त्याच वेळी शाखांमधून ‘सिस्टीम स्लो आहे’ म्हणून फोन सुरू होतात. रात्री साडेदहाला बॅकअप लागला की पुन्हा तोच इशारा, पण दहा-पंधरा मिनिटांपुरता. खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी १८ वर लावलेला. हीटसिंकची (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांची) पेस्ट तुम्ही बदललीत, दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. पुरवठादार म्हणतो मशीन जुनं झालं, नवीन घ्या. व्यवस्थापक म्हणतात ते मेल तेवढे बंद करून टाका.

मेल बंद करू नका. नवीन सर्व्हरची ऑर्डरही आज देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा की तुमच्याकडे दोन निरनिराळे दोष आहेत आणि दोघांचा इशारा सारखाच येत असल्याने ते एकमेकांत मिसळलेत. दुपारचा दोष खोलीचा आहे, रात्रीचा सर्व्हरच्या पेटीच्या आतला. दोन्ही वेगवेगळे काढले नाहीत तर एक दुरुस्त करूनही मेल येतच राहतील आणि तुम्हाला वाटेल की काहीच लागू पडत नाही.

मी वीसेक वर्षं भुसावळ-जळगाव-धुळे या पट्ट्यात बँका, जिनिंग, डाळ मिल, दवाखाने अशा ठिकाणचे सर्व्हर बघतोय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे जाणं ही बातमी नसते, नेहमीचंच असतं. म्हणून इकडे काम करणाऱ्याने पहिला आकडा प्रोसेसरचा बघूच नये. पहिला बघायचा तो सर्व्हरच्या तोंडाशी आत शिरणाऱ्या हवेचा, म्हणजे इनलेटचा.

कारण साधं आहे. प्रोसेसरचं तापमान म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि त्यावर चढलेली वाढ. ही वाढ कामाच्या बोज्यावर, पंख्यांच्या वेगावर आणि हीटसिंक किती नीट बसलाय यावर ठरते. समजा रात्री इनलेट २४ आणि प्रोसेसर ६४ आहे, तर वाढ ४० ची झाली. दुपारी तेवढ्याच बोज्यावर इनलेट ३८ आणि प्रोसेसर ७८ दिसला, तर वाढ तेवढीच राहिली. मशीनचं काही बिघडलेलं नाही, त्याला गरम हवा खायला घातली जातेय. उलट इनलेट २४ वर ठाम आहे आणि प्रोसेसर मात्र ९० ला टेकतोय, तर खोलीला दोष देऊन उपयोग नाही, आत बघावं लागेल. ही एक वजाबाकी केली की निम्मा तपास तिथेच संपतो.

हे आकडे मिळवायला सर्व्हर बंद करायची गरज नाही. मशीनच्या बोर्डावर बीएमसी नावाचा छोटा स्वतंत्र संगणक असतो. कोणी त्याला आयड्रॅक म्हणतं, कोणी आयएलओ, ज्या त्या कंपनीचं नाव. लिनक्सवर आयपीएमआयटूल असेल तर त्यातून सगळे सेन्सर वाचता येतात. दर पाच मिनिटांनी इनलेट, एक्झॉस्ट (मागून बाहेर पडणारी हवा), सीपीयू १, सीपीयू २ आणि प्रत्येक पंख्याचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) एका फाइलमध्ये लिहिणारं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, आजच लावा. चार दिवस चालू द्या. एक सूचना: काही बोर्डांवर प्रोसेसरचा आकडा उणे दिसतो, उदाहरणार्थ उणे ३०. तो सेन्सर बिघडलेला नसतो. मर्यादेपासून अजून ३० अंश लांब आहोत असा त्याचा अर्थ, आणि शून्याकडे सरकणं म्हणजे धोका. हे माहीत नसल्याने लोकांनी चांगले बोर्ड बदललेले मी पाहिलेत.

सोबत कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉगही बघा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर मर्यादा ओलांडल्यावर तो स्वतःचा वेग कमी करतो आणि ‘क्लॉक थ्रॉटल्ड’ अशी ओळ लॉगमध्ये पडते. किती वेळा असं झालं याचा आकडा सिस्-फाइल-सिस्टीममध्ये (लिनक्सच्या ‘/sys’ फोल्डरमध्ये) प्रत्येक कोअरच्या ‘थर्मल थ्रॉटल’ फोल्डरखाली मिळतो. सकाळी अकराला तो आकडा लिहून ठेवा, संध्याकाळी पाचला पुन्हा. शाखांची ‘स्लो’ची तक्रार आणि हा वाढता आकडा जुळला, की व्यवस्थापकांना दाखवायला पुरावा तयार. मेल बंद केला तरी वेग कमी होणं थांबत नाही, उलट फोन का येताहेत हे कळायचा रस्ता तेवढा बंद होतो. आणि थ्रॉटल होऊनही तापमान चढतच राहिलं तर प्रोसेसर शेवटच्या टप्प्यावर थेट वीज तोडतो. तेव्हा डेटाबेसला नीट बंद व्हायची संधी मिळत नाही. पतसंस्थेच्या दिवसभराच्या व्यवहारांचा प्रश्न आहे, म्हणून हे मी कळकळीने सांगतोय.

आता दुपारकडे येऊ. इथे जरा थांबून बोलतो, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक इथेच फसतात.

‘एसी चालू आहे’ हे वाक्य मी मान्य करत नाही. रिमोटवर १८ दिसतंय आणि आतल्या युनिटचा पंखा फिरतोय, एवढंच त्यातून सिद्ध होतं. गारवा करतो तो बाहेरचा कॉम्प्रेसर. दुपारी वर गच्चीत जा आणि बाहेरच्या युनिटला हात लावून बघा की तो खरंच चालतोय का. खाली येऊन एसीच्या तोंडाशी थर्मामीटर धरा आणि दुसरा त्याच्या वरच्या जाळीशी, जिथून हवा आत ओढली जाते. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक हवा. दोन-तीनच अंश असेल तर तो एसी महागडा पंखा झालाय.

दुपारी असं का होतं याची कारणं एकावर एक बसलेली असतात. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक साधे एसी ज्या टनाचे म्हणून विकले जातात, ती क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४५ झालं की तोच एसी कमी उष्णता उचलतो आणि त्यासाठी वीज मात्र जास्त खातो. त्यात बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा गच्चीतल्या पत्र्याच्या शेडखाली बसवलेलं असेल, तर त्याच्याभोवतीची हवा ४५ ची नसते, त्याहून बरीच तापलेली असते. कंडेन्सरची, म्हणजे बाहेरच्या युनिटची, जाळी धुळीने भरलेली असेल तर दाब वाढून कॉम्प्रेसर ट्रिप होतो, थंड झाला की पुन्हा लागतो, पुन्हा ट्रिप. आणि दुपारी व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर लागतच नाही, आतला पंखा मात्र फिरत राहू शकतो. १८ चा आकडा या सगळ्यात काहीच मदत करत नाही. साधा एसी १८ वर लावल्याने जास्त गार हवा फेकत नाही, फक्त थांबत नाही. आतली जाळी चोंदलेली असेल तर अशा सततच्या चालण्याने कॉइलवर बर्फ धरतो आणि हवाच अडते. २३-२४ वर ठेवा.

पाचोऱ्याजवळच्या एका कार्यालयात आठवडाभर असाच तपास चालला होता. सगळे आकडे दुपारी बिघडायचे आणि आम्ही पोचलो की खोली गार. शेवटी रखवालदाराने सांगितलं, “साहेब, दुफारले लाईट जास, मंग येसी आपोआप चालू व्हत नही. तुम्ही येतस म्हनीसन मी रिमोट दाबी ठेवस.” वीज परत आल्यावर एसी स्वतःहून सुरू होण्याची सोयच त्या मॉडेलला नव्हती. तुमच्या एसीला ती आहे का, हे मेन स्विच बंद-चालू करून एकदा तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

लोडशेडिंगचं आणखी एक अंग आहे. यूपीएसच्या बॅटऱ्या वाढवून तुम्ही बॅकअप दोन तासांवर नेलात असं लिहिलंय. चांगल्या हेतूने केलंत, पण एसी यूपीएसवर नाही. म्हणजे वीज गेली की सर्व्हर दोन तास उष्णता सोडत राहणार आणि ती बाहेर काढणारा कोणीच नाही. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतली हवा साधारण ३३ किलो भरते. १ किलोवॉट उष्णता तेवढ्या हवेला अर्ध्या मिनिटात जवळपास एक अंशाने तापवू शकते. भिंती, कपाटं थोडी उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात इतक्या झपाट्याने होत नाही, पण बंद खोलीत पाऊण तासात काय होईल ते तुम्हीच ताडू शकता. वीज गेली की दार उघडून, रॅकच्या (सर्व्हर बसवलेल्या कपाटाच्या) मागून गरम हवा बाहेर ढकलेल असा एक पंखा यूपीएसवर ठेवा. आणि इनलेट ३८ च्या वर गेलं की डेटाबेस रीतसर बंद करून मशीन उतरवणारी स्क्रिप्ट लिहा. बॅटऱ्यांनाही ही खोली मानवत नाही. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं.

दीड टन पुरतो का, हेही विचारलंत. मोजू. मोठा सर्व्हर ४५० वॉट, जुना दुसरा २५०, स्विच आणि राउटर मिळून १००, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर ६०, यूपीएसची स्वतःची गळती १५० धरा. झाले १ हजार १० वॉट. एक टन म्हणजे साधारण ३५०० वॉट. म्हणजे तुमच्या यंत्रांना तिसरा हिस्सा टनही लागत नाही, बाकीचा एसी तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत यांच्याशी झुंजतोय. क्षमता पुरेशी आहे. आणखी मोठा एसी आणण्यापेक्षा तेवढ्याच ताकदीचा दुसरा बसवा आणि दोघांना टायमरने आळीपाळीने चालवा. घरगुती एसी वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास चालवायला बनवलेला नसतो. घेताना ४६ अंशांवर तपासलेलं मॉडेल मागा. त्याला ‘टी-थ्री’ म्हणतात, दुकानदाराला हा शब्द सांगितला की कळतं.

गार हवा तयार होते पण सर्व्हरच्या तोंडापर्यंत पोचत नाही, असंही असू शकतं. तुमच्या फोटोत रॅकला पुढून काचेचं दार दिसतंय. दिसायला छान, पण सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून फेकतो. काच लावली की तो श्वास घेणार कुठून? तो रॅकच्या आतलीच, मागून फेकलेली गरम हवा वळून पुढे येते ती ओढतो. खोलीचा थर्मामीटर २५ दाखवतो आणि इनलेट ३७. ते दार आजच बिजागरीतून काढून ठेवा आणि तासाभराने इनलेट बघा. फक्त हे दार काढून दहा-बारा अंशांचा फरक पडलेला मी पाहिलाय. रॅकमधल्या रिकाम्या जागांना ब्लँक पट्ट्या लावा, नाहीतर गरम हवा त्या फटींतून पुढे येतच राहते. मागच्या बाजूला फायलींचे गठ्ठे आहेत, ते हलवा. भिंतीपासून निदान दोन फूट जागा हवी.

हवा कशी वाहते ते डोळ्यांनी बघायचं तर पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या. सर्व्हरच्या पुढच्या जाळीसमोर धरली की ती जाळीला चिकटली पाहिजे, मागे धरली की बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे. आता तीच पट्टी रिकाम्या जागेसमोर धरा. ती तुमच्याकडे उडाली तर गरम हवा तिथून पुढे येतेय. कुठलंही महाग उपकरण न घेता खोलीतल्या हवेचा नकाशा पाच मिनिटांत तयार होतो.

किती तापमान चालेल? अमेरिकेतल्या अ‍ॅशरे या संस्थेने सर्व्हरसाठी घालून दिलेली शिफारस इनलेटला १८ ते २७ अंश अशी आहे. बहुतेक नेहमीचे सर्व्हर ३५ पर्यंत चालतील असं मानलं जातं, काही मॉडेल ४० किंवा ४५ पर्यंतही. पण त्या मोठ्या आकड्यांना प्रोसेसर कोणता, डिस्क किती अशा अटी जोडलेल्या असतात, त्या आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत वाचा. आपण ३२ ला इशारा आणि ३८ ला कारवाई असं ठेवू.

कूलरबद्दल कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. सुचवू देत, आणू नका. आपल्या कोरड्या मे महिन्यात पाण्याचा कूलर खोली खरंच गार करतो, म्हणूनच मोह होतो. पण त्या हवेबरोबर ओल येते आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पांढऱ्या पुडीसारखे बोर्डावर बसतात. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर गारही करत नाही आणि तोवर आतली धूळ ओली होऊन चिकटलेली असते. जळगावातल्या एका दुकानाच्या सर्व्हरमध्ये रॅमच्या खाचांत हिरवट गंज धरलेला मी स्वतः खरवडलाय.

आता रात्रीचा दोष. रात्री साडेदहाला बाहेरची हवा उतरलेली असते, व्होल्टेज बरं असतं, एसी दमलेला नसतो. तरी बोजा आला की फक्त सीपीयू २ चढतो, सीपीयू १ नाही. खोली तापली असती तर दोघांवरही चढायला हवं होतं. म्हणून कारण पेटीत आहे. तुम्ही लिहिलंत की पेस्ट दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री बदलली आणि दोन दिवस बरं वाटलं. ते दोन दिवस संस्था बंद होती, भाऊ. शाखांचा बोजाच नव्हता. बॅकअपलाही बदललेला डेटा नगण्य होता. तो आराम पेस्टमुळे आला असं धरून चालू नका.

रविवारी मशीन उतरवून उघडाल तेव्हा सगळ्यात आधी प्लॅस्टिकचं झाकण, म्हणजे एअर श्राउड, जागेवर आहे का ते बघा. पेस्ट बदलताना ते काढावं लागतं आणि परत बसवताना एखादी खाच सुटली की पंख्याची हवा हीटसिंकमधून न जाता वरून निघून जाते. काही जण तर ‘अडचण होते’ म्हणून ते बाहेरच ठेवतात. त्याच्याशिवाय सर्व्हर एक मिनिटही चालवू नये. रिकाम्या रॅम-खाचांतल्या आणि डिस्कच्या कप्प्यांतल्या डमी पट्ट्यांचंही तेच.

मग हीटसिंक. त्याच्या पात्यांमध्ये टॉर्च मारून आरपार उजेड दिसतो का बघा. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये मी असाच एक हीटसिंक काढला होता. वरून स्वच्छ दिसत होता, पण हवा शिरते त्या कडेला रुईच्या तंतूंचा पातळ थर बसला होता, पिंजाऱ्याने पिंजून दाबून ठेवावा तसा. चिमट्याने एका टोकाला धरला आणि अख्खा थर एका तुकड्यात निघाला, पात्यांचे ठसे उमटलेला. तो निघाल्यावर प्रोसेसरचं तापमान वीस अंशांहून जास्त उतरलं. आपल्याकडे कापसाचा हंगाम संपला तरी हा तंतू उन्हाळाभर हवेत, गाठोड्यांवर, माणसांच्या कपड्यांवर असतो. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने अडवून धरा, जोराच्या हवेने पंखा भलत्या वेगात फिरला की बेअरिंगही जातं आणि उलटा विद्युतदाबही तयार होतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. आपल्या कोरड्या हवेत स्थिर वीज फार पटकन साठते, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधूनच हात घाला.

पेस्ट पुन्हा लावावीच लागेल, कारण एकदा उचललेला हीटसिंक जुन्या पेस्टवर परत बसवत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग लख्ख पुसा, पेस्ट थोडीच घ्या. जाड थर उष्णता अडवतो. स्क्रू मशीनवर छापलेल्या क्रमाने, समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत जा. एक कोपरा आधी घट्ट केला की हीटसिंक तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला सरकते. मला सर्वात जास्त संशय याचाच आहे.

पंख्यांचे आरपीएम फाइलमध्ये असतीलच. शेजारच्या पंख्यांपेक्षा एखादा बराच हळू किंवा कमी-जास्त होत असेल तर तो बदला. शंका राहिली तर दोन पंख्यांची अदलाबदल करा, दोष पंख्याबरोबर सरकला की उत्तर मिळालं. आणि सेन्सरच खोटं बोलतोय का, हे कळायला मशीन तासभर बंद ठेवून चालू करा. पहिल्या क्षणी दोन्ही प्रोसेसर खोलीच्या तापमानाच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ हवेत.

काही सर्व्हरमध्ये एक प्रोसेसर दुसऱ्याच्या मागे बसवलेला असतो आणि त्याला आधीच तापलेली हवा मिळते. तिथे तो नेहमीच पाच-सात अंश जास्त दाखवतो, तो दोष नव्हे. तुमचा गेल्या हिवाळ्याचा लॉग शिल्लक असेल तर तेव्हाचा फरक बघून ठेवा.

रविवारपर्यंत दिवस काढायचेत, तर एवढं करा. बीएमसीमधून पंख्यांचा किमान वेग वाढवा, आवाज होईल, होऊ द्या. बायोसमधून किंवा कर्नलच्या ‘नो टर्बो’ सेटिंगमधून टर्बो, म्हणजे प्रोसेसरचं जादा वेगाने पळणं, बंद करा. काम किंचित हळू होईल पण दुपारी जे अचानक कोसळतं ते थांबेल. दुपारी चालणारे रिपोर्ट सकाळी आठला ढकला. जुना सर्व्हर चाचणीपुरताच असेल तर महिनाभर बंद ठेवा.

हे सगळं झालं की सोमवारी दुपारी तीनला, शाखा गजबजलेल्या असताना, इनलेट आणि एक्झॉस्टचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. फरक पंचवीसच्या वर असेल तर पेटीतून हवा कमी वाहतेय, पंखे आणि श्राउड पुन्हा बघा. फरक जेमतेम आठ आणि प्रोसेसर तरीही तापलेला, तर उष्णता हवेपर्यंत पोचतच नाही, हीटसिंक पुन्हा बसवा. बारा ते अठराच्या मध्ये आला, इनलेट तिशीच्या आत राहिलं आणि थ्रॉटलचा आकडा दिवसभर हलला नाही, तर नवीन सर्व्हरचं कोटेशन अध्यक्षांच्या टेबलावरून परत मागवा आणि त्या पैशांतला थोडा हिस्सा दुसऱ्या एसीला मागा.